आत्तीचा सागरगोटा, जोतिबाचा दवणा आणि मलेरियाची गोळी

आमच्या आत्तीच्या देवघराखालच्या फळीवर एक पितळी डबा आहे आणि त्यात कायम सागरगोटे असतात. खेळायचे पाच वेगळे, ते हातात फिरून फिरून गुळगुळीत झालेत, आणि औषधाचे वेगळे, त्यांना कुणी हात लावायचा नाही. करड्या रंगाचं, दगडासारखं टणक बी. बत्त्याचा एक घाव नीट बसला की कवच फुटतं आणि आतला पिवळट पांढरा गर निघतो, तो नुसता जिभेला लागला तरी अर्धा तास दुसरी कसली चव कळत नाही एवढा कडू. आत्ती तो गर तव्यावर भाजते, मिऱ्याबरोबर कुटते आणि मधातनं चाटवते. ताप असो नाहीतर पोटात कळ असो, आमच्याकडं पहिला मान सागरगोट्याचा, डॉक्टर नंतर.

ह्या श्रावणात जे झालं ते लिहायचं बरेच दिवस मनात होतं. धाकटा भाऊ पनवेलच्या बाजूला बिल्डिंगच्या साइटवर सुपरवायझर आहे. १५ ऑगस्टला जोडून सुट्टी मिळाली म्हणून रात्रीच्या गाडीनं आला, सकाळी मिसळ खाल्ली, आणि दुपारी एकच्या सुमाराला "ताई, थंडी वाजायलीय" म्हणून आडवा झाला तो तीन वाकळा घातल्या तरी दात वाजायचे थांबेनात, कॉट हलत होती अक्षरशः. तासाभरानं थंडी गेली आणि अंगाची भट्टी झाली, थर्मामीटरवर १०४. मग घाम सुटला तो इतका की चादर पिळून काढावी, आणि संध्याकाळी सातला उठून म्हणतोय, चहा टाक, मला एकदम बरं वाटतंय.

मधल्या वेळात आत्तीनं सागरगोटा दिलेला होता. "बघ, उतरला का न्हाई?" असं म्हणून तिनं माझ्याकडं बघितलं आणि खरं सांगते, मलाही बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी तापाचा पत्ता नाही, रंकाळ्यावर फिरून आला, भेळ खाल्ली. तिसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तेच. थंडी, भट्टी, घाम. तेव्हा कुठं तो म्हणाला की साइटवर असतानाच असे दोन ताप येऊन गेलेत, तिथल्या एका दवाखान्यात सलाइन लावलं, इंजेक्शन दिलं, व्हायरल आहे म्हणून सांगितलं, रक्त कुणी तपासलंच नाही.

एक दिवसाआड, ठरल्या वेळेला, थंडी वाजून. मी बी.एस्सी.च्या पोरांना केमिस्ट्री शिकवते, डॉक्टर नाही, पण एवढं मला कळायला पाहिजे होतं आणि ते कळायला दुसरी थंडी यावी लागली ह्याचं मला अजून वाईट वाटतं. लगेच रिक्षा केली आणि लॅबमध्ये नेलं. बोटाला सुई टोचून काचेवर रक्ताचा थेंब, तो पसरून, रंगवून, वर तेलाचा थेंब टाकून मायक्रोस्कोपखाली. टेक्निशियन भला माणूस होता, मी विचारल्यावर उठून मला बसू दिलं. फिकट गुलाबी लाल पेशींची गर्दी आणि त्यात मधेच एक पेशी बाकीच्यांपेक्षा मोठी, फुगलेली, तिच्यात बारीक बारीक गुलाबी ठिपके आणि एक निळसर कडं, कड्याला लाल खडा लावल्यासारखा ठिपका. अंगठीच म्हणतात त्याला. प्लाझमोडियम व्हायवॅक्स, मलेरियाचा परजीवी. माझ्या भावाच्या रक्तातला. ते बघताना पोटात गोळा आला खरा.

व्हायवॅक्सचं हे घड्याळ ४८ तासांचं असतं. लाल पेशीत शिरायचं, आत वाढायचं, फुटून बाहेर पडायचं, आणि सगळे साधारण एकाच वेळी फुटतात म्हणून ताप ठरल्या वेळेला. म्हणजे आत्तीचा सागरगोटा चाटवला नसता तरी संध्याकाळी सातला ताप उतरणारच होता आणि दुसऱ्या दिवशी येणार नव्हताच. हिवतापात कुठलंही औषध दिलं तरी ते लागू पडल्यासारखं दिसतं, ही ह्या रोगाची सगळ्यात मोठी फसवणूक आहे, आणि शेकडो वर्षं जगभरातल्या वैद्यांना ती भोवलीय.

डॉक्टरांनी तीन दिवस क्लोरोक्विन आणि आधी एक रक्ततपासणी करून मग १४ दिवस प्रायमाक्विन दिलं. ते १४ दिवस कशाला, तर व्हायवॅक्सची काही पिल्लं लिव्हरमध्ये झोपून राहतात आणि महिन्यांनी उठून परत ताप आणतात, क्लोरोक्विनचा त्यांच्यावर काही उपयोग नाही, त्यांना प्रायमाक्विन लागतं. आणि ती आधीची तपासणी अशासाठी की जीसिक्सपीडी नावाचं एन्झाइम ज्यांच्यात कमी असतं त्यांच्या लाल पेशी प्रायमाक्विननं फुटतात. हे लिहून ठेवते कारण दोनतीन दिवसांत बरं वाटलं की गोळ्या सोडणारे खूप आहेत. दोन दिवसांनी आरोग्यसेविका घरी आल्या, सगळ्यांच्या बोटांचं रक्त घेऊन गेल्या, टाकीत आणि फ्रिजच्या मागच्या ट्रेमध्ये अळ्या आहेत का बघितलं. आत्तीनंही बोट पुढं केलं. आणि त्या गेल्यावर दारात बसून मला म्हणाली, "म्हंजी माजं औषध खोटं व्हय गं?"

मला पटकन उत्तर देता आलं नाही. व्हय म्हणाले असते तर ते खरं नव्हतं, न्हाई म्हणाले असते तर तेही खरं नव्हतं. त्या १४ दिवसांत रोज जेवणानंतर भाऊ गोळी घ्यायचा आणि मी आत्तीला थोडं थोडं सांगत बसायचे, तेच इथं लिहितेय.

पहिल्यांदा मी तिला कोयनेल आठवतं का विचारलं. आठवत होतं. तिच्या लहानपणी तिच्या वडिलांना, म्हणजे माझ्या आजोबांना, दिलेलं, आणि "कोयनेलावानी कडू" ही म्हण तर तिच्या तोंडात आजही आहे. कोयनेल म्हणजे क्विनाइन, आणि क्विनाइन म्हणजे झाडाची साल, हे मात्र तिला नवीन होतं. सिंकोना नावाचं झाड, दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज डोंगरातलं. १७ व्या शतकात जेझुइट पाद्र्यांनी ती साल युरोपात नेली आणि तिथं हिवतापावर ती वापरात आली, पण अडचण अशी की एका झाडाची साल लागू पडायची, दुसऱ्याची नाही, व्यापारी भेसळ करायचे, आणि किती द्यायची ते कुणालाच नक्की ठाऊक नव्हतं. चिमूटभर दिली तर ताप परत, जास्त दिली तर कानात घंटा वाजायच्या. हे जवळजवळ दोनशे वर्षं चाललं. मग १८२० मध्ये पॅरिसमध्ये पेलेतिए आणि काव्हांतू ह्या दोन फार्मसिस्टनी सालीतनं तो कडू पदार्थ शुद्ध वेगळा काढला आणि त्याला क्विनाइन नाव दिलं. ह्याच जोडीनं १८१७ मध्ये पानांतल्या हिरव्या रंगाला क्लोरोफिल हे नाव दिलं आणि १८१८ मध्ये काजऱ्याच्या जातीच्या बियांतनं स्ट्रिक्निन काढलं. १८२० नंतर पहिल्यांदा ताप आलेल्या माणसाला साल नाही, वजन करून औषध देता यायला लागलं. माझ्या मते मलेरियाच्या गोष्टीतला हा सगळ्यात मोठा दिवस, मोठ्या शोधांपेक्षाही मोठा, कारण मोजता आलं की मग चूकही पकडता येते.

तेव्हा मलेरिया डासानं होतो हेसुद्धा माहीत नव्हतं बरं का. परजीवी रक्तात पहिल्यांदा दिसला १८८० मध्ये, अल्जीरियात लाव्हरां ह्या फ्रेंच डॉक्टरला, आणि डासाच्या पोटात सापडला २० ऑगस्ट १८९७ ला सिकंदराबादला, अल्मोड्यात जन्मलेल्या रोनाल्ड रॉसला. औषध आधी ७७ वर्षं.

सिंकोनाची अजून एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, आत्तीला पण हीच सगळ्यात लागली. सगळ्या सिंकोनात क्विनाइन सारखं नसतं. बोलिव्हियातला मानुएल इंक्रा मामानी हा आयमारा माणूस, त्याला कुठल्या झाडाची साल खरी हे बघून कळायचं. त्यानं चांगल्या झाडाचं बी जमवून चार्ल्स लेजर ह्या इंग्रज व्यापाऱ्याला दिलं, ते लंडनला गेलं, १८६५ मध्ये त्यातलं पौंडभर बी डच सरकारनं विकत घेतलं आणि जावा बेटावर लावलं. त्या झाडांच्या सालीत क्विनाइन इतकं निघालं की पुढं जगाचा जवळजवळ सगळा क्विनाइनचा व्यापार जावाच्या हातात गेला. झाडाला नाव लेजरचं. आणि मामानीला त्याच्या देशातल्या अधिकाऱ्यांनी बी बाहेर दिलं म्हणून पकडून मारहाण केली आणि तो त्यातच गेला. आत्ती बराच वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "ज्याला झाड कळत हुतं त्यालाच मारलं की." ज्यानं झाड ओळखलं त्याचं नाव पुसलं जाणं हे औषधी वनस्पतींच्या बाबतीत सारखं घडलंय आणि मला त्याचा राग येतो, आमच्या राधानगरी, गगनबावड्याच्या बाजूला अशी कितीतरी माणसं आहेत ज्यांना जंगलातली मुळी न् मुळी ठाऊक आहे आणि कुठल्याच रिसर्च पेपरावर त्यांचं नाव नाही.

इंग्रजांनी निलगिरीत आणि दार्जिलिंगच्या बाजूला सिंकोना लावला, बंगालात १८९२ पासून पोस्टात क्विनाइनच्या पुड्या विकायला ठेवल्या. नंतर १९४२ मध्ये जपाननं जावा घेतलं आणि जगाचं क्विनाइन बंद झालं, तेव्हा प्रयोगशाळेत बनवलेल्या औषधांना जोर आला. क्लोरोक्विन १९३४ मध्येच जर्मनीत तयार झालं होतं, त्याच्या रेणूतली दोन जोडलेली कडी क्विनाइनमधलीच आहेत. म्हणजे भावानं घेतली ती गोळी सालीची नातच म्हणायची.

ती गोळी करते काय हे सांगायला मला गुऱ्हाळ बरं पडतं. परजीवी लाल पेशीत बसून हिमोग्लोबिन खातो. त्यातलं प्रोटीन त्याच्या कामाचं, पण मागं हीम उरतं, लोखंड असलेला भाग, आणि ते सुटं राहिलं तर त्यालाच विष होतं. म्हणून तो हीमचे खडे करून एका बाजूला टाकत राहतो. काहिलीत रस उकळताना वर मळी येते आणि गुळव्या ती झाऱ्यानं सारखी काढत असतो, नाही काढली तर अख्खं आधण वाया. क्विनाइन आणि क्लोरोक्विन ह्या गुळव्याचा हात धरतात. खडे होईनात, हीम साचतं, परजीवी आपल्याच मळीत मरतो. आत्तीचं माहेर कागल भागातलं, घरचं गुऱ्हाळ होतं, तिला हे एका झटक्यात कळलं, माझ्या वर्गातल्या पोरांना दोन तास लागतात.

पण परजीवी पण शिकतो. फाल्सिपॅरम म्हणून मलेरियाचा जो जीवघेणा प्रकार आहे त्यानं क्लोरोक्विन बाहेर फेकायला शिकून घेतलं आणि १९६० च्या दशकात व्हिएतनामच्या जंगलात सैनिक बंदुकीच्या गोळ्यांपेक्षा तापानं जास्त पडायला लागले. उत्तर व्हिएतनामनं चीनकडं मदत मागितली आणि २३ मे १९६७ ला चीननं एक गुप्त काम सुरू केलं, तारखेवरनंच नाव पडलं प्रोजेक्ट ५२३. १९६९ मध्ये त्यात बीजिंगच्या तू यूयू ह्या बाईंना घेतलं. ३८ वर्षांच्या, पीएचडी नाही, परदेशात शिक्षण नाही. नवरा दुसरीकडं पाठवलेला, मोठी मुलगी चार वर्षांची, तिला पाळणाघरात ठेवून बाई हैनान बेटावर रोगी बघायला गेल्या, आणि परत आल्या तेव्हा पोरगी ओळखेना. हे वाचलं की माझ्या अंगावर काटा येतो, दरवेळी.

त्यांच्या गटानं जुनी पुस्तकं आणि वैद्यांकडनं २००० नुस्खे जमवले, त्यातले ६४० वेगळे काढले, दोनशेच्या वर वनस्पतींचे ३८० अर्क करून उंदरांवर बघितले. छिंगहाओ नावाच्या वनस्पतीचा अर्क एकदा ६८ टक्के चालला आणि पुन्हा केला तर १२ ते ४० टक्क्यांवर आला. कुठलाही माणूस इथं ती वनस्पती सोडून पुढच्या नावाकडं गेला असता. बाई परत पुस्तकांकडं गेल्या. ४ थ्या शतकातल्या गे होंग नावाच्या वैद्यानं लिहिलेलं एक वाक्य होतं, साधारण असं की मूठभर छिंगहाओ पाण्यात भिजत घाल, पिळ आणि तो रस सगळा पी. पिळ. उकळ असं नाही. काढा तर सगळे उकळूनच करतात, मग ह्यानं नुसतं भिजवून पिळायला का सांगितलं असेल? कदाचित उष्णतेनंच आतली चीज मरत असेल. म्हणून त्यांनी इथर घेतलं, जे ३५ अंशालाच उकळतं, आमच्याकडच्या एप्रिलच्या दुपारी बाटली उघडी ठेवली तर आपोआप उडून जाईल असलं. आधीच्या नापास अर्कांच्या गर्दीत ४ ऑक्टोबर १९७१ ला १९१ नंबरचा नमुना उंदरांवर लावला आणि रक्तातला परजीवी शंभर टक्के गेला. १९७२ मध्ये माणसाला देण्याआधी बाईंनी आणि दोन सहकाऱ्यांनी स्वतः तो अर्क घेतला. त्याच वर्षी स्फटिक मिळाले, छिंगहाओसू, आपण त्याला आर्टेमिसिनिन म्हणतो. २०१५ चं नोबेल मिळालं तेव्हा बाई ८४ वर्षांच्या होत्या.

मी एम.एस्सी.ला पालेकिराईतावर छोटा प्रोजेक्ट केला होता, त्यामुळं ह्या गोष्टीतला वास मला माहीत आहे. पानं सावलीत वाळवायची, उन्हात नाही, मिक्सरला फिरवायची, पेट्रोलियम इथरनं आधी चरबी आणि मेण काढून टाकायचं, डोकं दुखतं त्या वासानं. मग सिलिकाची पूड भरलेल्या काचेच्या नळीत, म्हणजे कॉलममध्ये, अर्क वरनं घातला की हिरवं कडं हळूहळू खाली उतरत येतं, क्लोरोफिल, ते जाऊ द्यायचं, आपल्याला पाहिजे ते बहुतेक वेळा त्याच्या मागं असतं आणि त्याला रंगच नसतो. टेस्ट ट्यूब बदलत बदलत दोन दिवस बसायचं. मेथॅनॉलमधनं एका सकाळी काचेच्या कडेला पांढऱ्या सुया दिसल्या, अँड्रोग्राफोलाइड, किराईताचा सगळा कडूपणा त्या चिमूटभर पांढऱ्यात. चारशे ग्रॅम पाला आणि हातात चिमूटभर. तेव्हापासून कुणी "पाच पानं चावून खा" म्हणालं की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो, कुठली पानं, कुठल्या महिन्यातली, कशी वाळवलेली.

आर्टेमिसिनिनचा रेणू केमिस्ट्रीवाल्याला वेड लावेल असा आहे. १५ कार्बन, २२ हायड्रोजन, ५ ऑक्सिजन, आणि त्यात दोन ऑक्सिजन एकमेकांना धरून पूल करून बसलेले, ज्याला पेरॉक्साइड म्हणतो. नायट्रोजन एकही नाही, क्विनाइनशी काही नातं नाही. परजीवीनं हिमोग्लोबिन फोडून जे लोखंड मोकळं केलं त्याला हा पूल लागला की तुटतो आणि तुटताना आजूबाजूची सगळी प्रोटीनं बिघडवत सुटतो. म्हणजे परजीवी स्वतःच काडी ओढतो.

इथपर्यंत आल्यावर आत्तीनं विचारलं की ते झाड दिसतं कसं, आणि मी मोबाइलवर फोटो दाखवला, बारीक कातरलेली, गाजराच्या पाल्यासारखी पानं. तिनं चष्मा सारखा केला आणि म्हणाली, "ह्यो तर दवणा." दवणा नव्हे तो, पण तिची नजर चुकली नव्हती. आपला दवणा आणि हे छिंगहाओ, दोन्ही आर्टेमिसिया, सख्ख्या बहिणी. चैत्रात जोतिबाच्या डोंगरावर गुलालाबरोबर जो वाहतो तो दवणा. यात्रेहून आणलेली जुडी आमच्या देवघरात अजून होती, पार वाळून राखाडी झालेली, पण बोटात चुरगाळली की तोच गोड, थोडा तुरट वास. तिनं लगेच विचारलं, मग आमच्या दवण्यात हाय का ते औषध? दवण्याच्या वासातला मुख्य पदार्थ दावानोन, त्यातही १५ च कार्बन असतात, पण तो ऑक्सिजनचा पूल त्याच्यात नाही, आणि मलेरियाला मारतो तो पूल. दवणा देवाला वाहायचा, वास घ्यायचा, तापावर नाही.

आता सागरगोटा. इंग्रजीत ह्याला फीवर नट म्हणतात, तापाचं बी. १८६८ च्या फार्माकोपिया ऑफ इंडिया ह्या औषधांच्या ग्रंथात सागरगोट्याचा गर आणि मिरी ह्यांची पूड तापावर म्हणून दिलेली आहे, म्हणजे आत्तीचीच कृती, मध सोडला तर. जपानमधल्या तोयामाच्या संशोधकांनी म्यानमार आणि इंडोनेशियातल्या सागरगोट्याच्या बियांतनं कॅसेन डायटर्पीन नावाचे बरेच पदार्थ वेगळे काढले आणि त्यातल्या काहींनी काचेच्या डिशमध्ये फाल्सिपॅरमची वाढ थांबवली. हे मी सांगितलं तेव्हा आत्ती ताठ बसली. पण डिश म्हणजे माणूस नाही. कडुनिंबातलं गेड्युनिन डिशमध्ये चांगलं चालतं, उंदराच्या पोटात गेलं की तेवढं उरत नाही. दारुहळदीतल्या बर्बरीनचं तसंच, आतड्यातनं रक्तात नीट जातच नाही. जिथं परजीवी आहे तिथं, पुरेसं, पुरेसा वेळ, आणि आपल्या पेशींना न मारता पोचलं पाहिजे. बहुतेक वनस्पतींची गोष्ट ह्या चार अटींत कुठंतरी थांबते.

आणि सागरगोट्याची तर माणसांवर चाचणी झालेली आहे. आयुष-६४ नावाची गोळी, केंद्र सरकारच्या आयुर्वेद संशोधन परिषदेनं मलेरियासाठीच तयार केलेली, कोविडमध्ये नाव पुन्हा ऐकू आलं ती. त्यात चार वनस्पती, सप्तपर्णीची साल, कुटकी, काडेचिराईत आणि सागरगोट्याचा गर. दिल्लीच्या मलेरिया रिसर्च सेंटरच्या लोकांनी व्हायवॅक्सच्या रोग्यांत तिची क्लोरोक्विनशी तुलना केली, २००० साली ती करंट सायन्स ह्या विज्ञानाच्या नियतकालिकात छापून आली. २८ दिवस पूर्ण केलेल्यांत आयुष-६४ घेतलेले ४७ जण होते, त्यातले २३ बरे झाले. क्लोरोक्विनचे ४१ जण होते, ४१ बरे.

मी हे आकडे आत्तीला पाटीवर लिहून दाखवले. ४७ पैकी २३. ती बोटं मोजत बसली आणि तिनं जे विचारलं ते माझ्या वर्गात आजवर एका पोरानं विचारलेलं नाही, "ते चोवीस कोण, आन् त्यास्नी आदीच कसं कळायचं?" कळत नाही. तोच तर प्रश्न आहे. आपला पोरगा त्या २३ मधला का २४ मधला हे औषध देताना कळत नाही, आणि फाल्सिपॅरम असला तर दोन दिवस वाट बघायला वेळच नसतो, मेंदूवर जातो. म्हणून जिथं ४१ पैकी ४१ आहेत तिथं जायचं. पण ही चाचणी केली म्हणून मला त्या लोकांबद्दल फार आदर आहे. आपल्याच वनस्पतींची गोळी आपणच काट्यावर ठेवली आणि आलेला आकडा होता तसा छापला. आयुर्वेदाचा मान राखायचा तर असा राखावा. ज्यांना आपल्या औषधावर खरी माया आहे ते मोजायला घाबरत नाहीत, असं मला मनापासून वाटतं. व्हॉट्सॅपवर "मलेरियावर रामबाण" म्हणून पारिजातकाची पानं, गुळवेल, सप्तपर्णी असले मेसेज फिरवणाऱ्यांनी ४७ पैकी किती हे एकदा तरी सांगावं.

आणखी एक, कारण आजकाल आर्टेमिसियाचा चहा पण लोक ऑनलाइन मागवायला लागलेत. जागतिक आरोग्य संघटना ह्या चहाला मान्यता देत नाही आणि कारण साधं आहे. पाण्यात आर्टेमिसिनिन फार कमी उतरतं, कपागणिक वेगळं, आणि अर्धवट मार खाऊन वाचलेला परजीवी औषध ओळखायला शिकतो. म्हणून तर २००६ मध्ये संघटनेनं कंपन्यांना आर्टेमिसिनिनची एकटी गोळी विकणं बंद करा म्हणून सांगितलं, ती नेहमी दुसऱ्या औषधाच्या जोडीनंच द्यायची. एवढं करूनही २००८ मध्ये कंबोडियाच्या पश्चिमेकडनं ह्या औषधाला उशिरा दाद देणाऱ्या फाल्सिपॅरमच्या बातम्या आल्या, आता आफ्रिकेत रवांडा, युगांडातही तो दिसतोय. म्हणजे पुढचा रेणू लागणार आहे, आणि आजवरचे दोन सगळ्यात मोठे झाडातनंच आले, एक सालीतनं, एक पानातनं. तो तिसरा सह्याद्रीत कुठं असेल तर ते झाड ओळखणारी म्हातारी आणि कॉलम चालवणारी पोरगी एका ठिकाणी बसल्या पाहिजेत, आणि पेपरावर नाव दोघींचं पाहिजे.

भावाच्या गोळ्या संपल्या त्या दिवशी आत्तीनं कॅलेंडरवरच्या शेवटच्या चौकटीवर फुली मारली. रक्ताची स्लाइड पुन्हा तपासली, परजीवी दिसला नाही. तो पनवेलला निघाला तेव्हा तिनं त्याच्या बॅगेत मच्छरदाणी कोंबली, चटणीच्या डब्याच्या खाली, आणि म्हणाली, "थंडी वाजली की आदी रगात दे, मग मला फोन कर."

तो गेल्यावर तिनं देवघरातली ती वाळकी दवण्याची जुडी कागदात बांधून माझ्या हातात दिली, सोबत औषधाच्या डब्यातले दोन सागरगोटे. "घाल त्या तुज्या इथरात. बघू काय निघतंय." बुधवारी तिसऱ्या वर्षाचं प्रॅक्टिकल आहे. सागरगोटे फोडायला कॉलेजात खलबत्ता नाही, तो घरनं न्यावा लागेल, आणि आत्ती म्हणते मी पण येते.